तिसावी सही

ऑरिनची आणि माझी पहिली भेट कचराडेपोत झाली, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही. वेस्ट ब्रॅम्बलमध्ये शनिवारी सकाळी सगळं गाव तिथंच भेटतं. घरचा कचरा आपापल्या गाडीतून न्यायचा, काच एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे टाकायचा, आणि मग तासभर उभं राहून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. ज्याला सह्या गोळा करायच्या आहेत त्यानं दुसरीकडे जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

मी सह्याच गोळा करत होते. जानेवारीचा पहिला शनिवार, थंडी अशी की श्वास घेतला तरी नाक दुखावं. हातात फळी, फळीवर कागद, आणि पेन मात्र कोटाच्या आत, थेट काखेत. बाहेर ठेवलं की दोन मिनिटांत त्यातली शाई गोठायची.

कागदावर एकच वाक्य होतं. व्हरमाँटच्या गव्हर्नरला चारपेक्षा जास्त मुदती मिळू नयेत, असं आमच्या गावाचं मत आहे. बस. आमच्याकडे गव्हर्नर दोन वर्षांसाठी निवडतात, पण किती वेळा निवडायचं याला काही धरबंध नाही. मॅरियन हॅस्केल पाचव्यांदा निवडून आल्या होत्या, म्हणजे दहावं वर्ष चालू होतं, आणि सहाव्यांदा उभ्या राहणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई वाईट नव्हत्या हो. चांगल्या होत्या, तीच तर पंचाईत होती. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. पेपरात विचारलं होतं, गव्हर्नर म्हणजे काय? एका मुलीनं लिहिलं, ‘गव्हर्नर म्हणजे मॅरियन हॅस्केल.’ मी तिला शून्य दिलं, आणि मग घरी येऊन विचार करत बसले, की चूक तिची का आमची.

मागच्या वर्षी मला सहा सह्या कमी पडल्या होत्या. गावात सहाशे मतदार, त्यातल्या तिसांनी सही केली तरच ठराव मार्चच्या गावसभेपुढं येतो. माझा आलाच नाही. वर्षभर लोक मला ‘काय मग, चोवीस?’ अशी हाक मारत होते. आम्ही लाबाउंटी मंडळी जरा मानी. यंदा ठराव सभेपुढं न्यायचा आणि मंजूर करून घ्यायचा, असं मी आरशात बघून स्वतःला बजावलं होतं.

तर तो आला. कानपट्ट्यांची लाल टोपी, भुवयांवर दहिवर, हातात कचऱ्याची एवढीशी पिशवी.

“सही?” मी फळी पुढं केली.

“आधी वाचू तर द्या.”

आमच्याकडे कोणी वाचत नाही. थंडीत कोण वाचणार? लोक सही करतात किंवा ‘नको बाई’ म्हणून सटकतात. हा पठ्ठ्या मात्र हातमोजा काढून, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लागला. मी पाहत राहिले… बोटावर चिकाचे काळपट डाग होते.

“एक शंका आहे,” तो म्हणाला.

“एकच?”

“ही बंदी गव्हर्नरवर आहे की मतदारावर? समजा मला एखादं माणूस पाचव्यांदाही हवं आहे. मग मला नाही म्हणणाऱ्या तुम्ही कोण?”

“मी ओडेट लाबाउंटी.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसतात, तोंड मागाहून. हे मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका.

“मी ऑरिन टटल. केन्ड्रिकच्या मेपलच्या रानात कामाला आलोय.”

“मग ऑरिन टटल, ऐका. एका खुर्चीवर एकच माणूस दहा वर्षं बसलं ना, की बाकीच्यांना वाटायला लागतं, आपल्याला बसताच येत नाही. माणूस चांगलं असलं तर जास्तच वाटतं. मग कोणी उभंच राहत नाही. त्याला काय निवडणूक म्हणायची?”

“हं.” त्यानं मान तिरकी केली. “आणि तुमच्या गावसभेचा सभाध्यक्ष किती वर्षं आहे?”

मी जरा खोकले. “एकोणीस.”

“अरे वा. कोण म्हणे?”

“…माझे बाबा.”

डेपोवाला बर्नार्ड मागं पुठ्ठे दाबत होता, तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. माझे कान तापले. मी म्हटलं, त्यांना दर वर्षी निवडतात, लोक स्वतः निवडतात. ऑरिन म्हणाला, “हो ना. मीही तेच म्हणत होतो.” सही न करता गेला, वर टोपीला हात लावून गेला. कसला आगाऊ, असं मी दिवसभर म्हणत होते. दिवसभर म्हणत होते, म्हणजे काय ते समजा.

पुढच्या शनिवारी तो परत हजर. पिशवीत अंड्यांचा एक रिकामा खोका, बाकी काही नाही.

“एवढ्यासाठी आलात?”

“घरात साठू द्यायचा नाही म्हणतात.”

त्या दिवशी अर्धा तास वाद झाला. त्याच्या पुढच्या बुधवारी मी दुकानाच्या दारात उभी होते, तर तिथंही वाद. मी म्हणायची, ज्याला जायचं माहीत नाही त्याला राहायचा हक्क नाही. तो म्हणायचा, कामात तरबेज झालेल्या माणसाला दार दाखवायचं, ही कुठली रीत? मी एक मुद्दा मांडला की तो थांबायचा, खरंच विचार करायचा, आणि मग म्हणायचा, “हे बरोबर आहे, पण…” त्या ‘पण’वर माझा जीव जडायला लागला होता, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला फळीनं मारलं असतं. बोलता बोलता माझी बोटं बधिर व्हायची. एकदा त्यानं न विचारता स्वतःचे मोजे माझ्या हातात चढवले आणि फळी स्वतः धरून उभा राहिला. स्वतः विरोधात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, “सही करा, बाई गारठल्यात.”

“पोरी,” बर्नार्ड मला म्हणाला, “हा माणूस इथं कचरा टाकायला येत नाही हं.”

कागद जमा करायची शेवटची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाच. मी चार वाजताच गावकचेरीत पोचले. एकतीस सह्या. एक जास्तीचीच. मान ताठ करून मी कागद खिडकीतून आत सरकवला. आमच्या गावलेखनिक प्रूडन्सबाई म्हणजे पट्टी लावून एकेक ओळ तपासणाऱ्या. मतदारयादी एका बाजूला, माझा कागद दुसऱ्या बाजूला.

“ओडेट, ही गर्टची सही?”

“हो.”

“ही गर्टची नाही. रोलंडची आहे. दोन्ही सह्यांतलं आडनाव बघ, एकाच हातचं आहे.”

मी कपाळाला हात लावला. रोलंडनं नाताळच्या कार्डावर करतो तशी स्वतःबरोबर बायकोचीही सही ठोकून दिली होती. वर मला म्हणाला होता, ‘झालं बघ, दोघांचं.’ आमच्या गावात निम्मे नवरे हेच करतात, आणि मी बाई असून ते पाहिलं नव्हतं. प्रूडन्सबाईंनी पट्टी लावून ओळ खोडली. चार ओळींनंतर आणखी एक खोडली. त्या गृहस्थांनी आपलं नाव मुलीच्या गावी हलवलं होतं.

“एकोणतीस,” बाई म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण पट्टीला वाईट वाटत नाही.

बाहेर बर्फ कोसळत होतं. पाचला पंचवीस मिनिटं. मी तीन घरी फोन केले. एकानं उचलला नाही. दुसरी म्हणाली, तुझ्या बाबांच्या बर्फाच्या ट्रकनं अजून आमचा रस्ता साफ केलेला नाही. तिसऱ्याची गाडी नाल्यात. मी बाकावर बसले. रडले नाही. पण हातमोजा दाताखाली धरला होता, हे खरं. चोवीसनंतर आता एकोणतीस. वर्षभर पुरेल एवढं गावाला मिळालं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि ऑरिन आत आला. खांदे पांढरे, टोपीवरून पाणी टपकतंय.

“मला गावच्या मतदारयादीत नाव घालायचंय,” तो प्रूडन्सबाईंना म्हणाला. मग मला पाहिलं. “काय झालं?”

मी सांगितलं नाही, प्रूडन्सबाईंनीच सांगितलं. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“आधी माझं नाव,” तो म्हणाला.

प्रूडन्सबाईंनी अर्ज भरून घेतला. मग त्या उठून उभ्या राहिल्या, कारण आमच्याकडे नवा मतदार शपथ घेतो, आणि प्रूडन्सबाईंच्या खिडकीत ती मोठ्यानं घ्यावी लागते. ऑरिननं ओला हात वर केला. राज्याच्या कुठल्याही कामात मत देईन तेव्हा माझ्या सदसद्विवेकाला जे राज्याच्या भल्याचं वाटेल तेच देईन, कोणाची भीती वा भीड न धरता… मी ही शपथ दर वर्षी वर्गात शिकवते. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

“टटल, म्हणजे वडिलांचं आडनाव लावतोस. मॅरियन हॅस्केलचा धाकटा ना तू?” प्रूडन्सबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “लहानपणी विधानभवनाच्या कठड्यावरून घसरगुंडी खेळायचास. मी लेखनिकांच्या बैठकीला आले की दिसायचास.”

मी उठून उभी राहिले.

“तुम्ही गव्हर्नरबाईंचे…?”

“हो.”

“आणि तीन आठवडे माझी फळी धरून उभे होता. एक शब्द बोलला नाहीत.”

“बोललो असतो, तर तुम्ही वाद घातला असता?” त्याचा आवाज खाली आला. “दहा वर्षांत माझ्याशी कोणी वाद घातलेला नाही. सगळे आईसाठी निरोप देतात. तुम्ही पहिल्या दिवशी मला म्हणालात, मी ओडेट लाबाउंटी. मला… ते फार आवडलं होतं.”

त्यानं माझ्यासमोर हात पसरला. “पेन.”

“पण तुझं मत विरोधात आहे,” मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही.

“आहेच. पण सही म्हणजे मत नव्हे ओडेट. सही म्हणजे, हिला बोलू द्या. तुझं बोलणं सगळ्या गावानं ऐकलं पाहिजे असं मला वाटतं.”

मी काखेतून पेन काढलं. गरम होतं. त्यानं सगळ्यांच्या खाली तिसावी सही केली आणि प्रूडन्सबाईंनी पाचला तीन मिनिटं असताना कागदावर शिक्का मारला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, प्रेम जमलं. छे. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, गव्हर्नरच्या मुदतीला लगाम घाला म्हणणाऱ्या कागदावर गव्हर्नरच्याच मुलाची सही. मग काय, आमच्या शाळेपुढं कॅमेरे. ऑरिननं सगळ्यांना एकच उत्तर दिलं: “माझं मत मी गावसभेत सांगेन.” पण गावाची जीभ कोण धरणार? दुकानात मी पाव घेत होते तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “ओडेटनं पोरगं गटवलं आणि सही काढली.” मी वळून पाहिलं नाही. पाव घेतला, बाहेर आले, आणि ठरवलं, सभा होईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही. माझा ठराव माझ्या बळावर जिंकायला हवा होता.

घरी बाबांना म्हटलं, “तुमच्यावरही बोट दाखवतील.”

बाबा गावचे रस्ते साफ करतात, बर्फाच्या फावड्याचा ट्रक चालवतात. त्यांनी सूप भुरकलं. “दाखवू देत. मला निवडतात कारण माझा आवाज मोठा आहे आणि सभागृहाचा माईक एकोणीस वर्षं बिघडलेला आहे.”

“बाबा, मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही. तू तुझं बोल. खुर्चीत बसलो की मी तुझा बाप नसतो, एवढं लक्षात ठेव.”

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन पडायला लागलं. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं. अशा दिवसांत मेपलच्या खोडातला गोड रस धावतो आणि तो आटवणाऱ्या केन्ड्रिकच्या रसघराच्या छपरातून वाफेचे लोट निघतात. शाळेतून येताना गाडी आपोआप तिकडे वळली. आता गाड्या आपोआप वळत नाहीत हे मलाही कळतं.

ऑरिन कढईपाशी उभा होता, केस वाफेनं कपाळाला चिकटलेले. मला पाहताच तो बाहेर गेला. घमेलंभर स्वच्छ बर्फ आणलं, त्यावर उकळता पाक ओतला, पाकानं तार धरली तसा तो काट्यावर गुंडाळून माझ्यापुढं धरली. बरोबर आंबट काकडी, आमच्याकडे खातात तशी. गोडानं तोंड भरलं की एक घास काकडीचा, की परत गोड खाता येतं.

“सत्तावीस दिवस,” तो म्हणाला.

“मोजलेस?”

“रस उकळताना दुसरं काय करणार?”

मी काकडी चावली. तो गंभीर झाला.

“ऐक. सभेत मी विरोधात बोलणार आहे. आत्ताच सांगतो. मागाहून कळायला नको. एकदा ती चूक केलीय.”

“आईसाठी?”

“नाही. आईला मी स्वतः सांगितलंय, आता पुरे, घरी ये. पण तिला घरी बसवायचं ते मतदारानं, नियमानं नाही. मला खरंच तसं वाटतं.” तो थांबला. “मी गप्प बसू शकतो. तू म्हणालीस तर… गप्प बसेन.”

मला ते हवं होतं का? खरं सांगू? हो, हवं होतं. एक क्षण तरी हवं होतं. त्याच्या बोलण्यानं पाच-दहा मतं इकडची तिकडे होणार होती. पण मी म्हणाले, “माझ्यासाठी गप्प बसलास तर पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही.”

“आणि बोललो तर? माझ्याशी बोलशील?”

“ते सभेनंतर बघू,” मी म्हटलं आणि निघाले. ओठांवर पाक होता. घरी येईपर्यंत तो मी पुसला नाही.

मार्चचा पहिला मंगळवार. सभागृह गच्च. मागं स्वयंपाकघरातून बीन्सचा आणि भाजलेल्या पावाचा वास, खुर्च्यांच्या पाठीला ओले कोट. पहिलाच विषय सभाध्यक्षाची निवड. नेहमीप्रमाणे बाबांचं एकच नाव. गर्ट, हो, रोलंडची बायको, मागून ओरडली, “ओडेट, यांना किती मुदती?” सगळं सभागृह हसलं. बाबाही हसले. मी म्हटलं, “त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहायला तयार असेल तर मीच अनुमोदन देते.” कोणी उभं राहिलं नाही. “बघा,” मी म्हटलं, “हेच सांगायला आज आलेय.” त्यावर टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या, विसाव्यांदा खुर्चीत बसता बसता.

माझा ठराव पुकारला, आणि मागचं दार उघडलं. मॅरियन हॅस्केल आत आल्या. एकट्या, करडा स्वेटर, हातात घरी भाजलेल्या ‘अ‍ॅपल पाय’ची झाकलेली थाळी. ती स्वयंपाकघरात दिली आणि पाहुण्यांच्या बाकावर बसल्या. मग त्यांनी हात वर केला.

बाबा उठले. त्यांचा आवाज माईकविना शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “बाई, आपण या गावच्या मतदार नाही. गावाबाहेरच्या माणसाला बोलायचं असेल तर दर तिघांतल्या दोघांनी हो म्हणावं लागतं. मी सभेला विचारतो.”

दहा वर्षं राज्य चालवणारी बाई, आणि फावड्याचा ट्रक चालवणारा माझा बाप तिला सांगतोय, थांबा, विचारतो. मला असं भरून आलं म्हणून सांगू. असलं गाव मी जगात दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि पाहायचंही नाही. हात वर व्हायला लागले, पण बरेच जण माझ्याकडे बघत बसले. ठराव माझा, त्यांना वाटलं मला नको असेल. मी उभी राहिले आणि हात अगदी सरळ वर केला. मग बाकीचे झाले.

“आभारी आहे,” गव्हर्नरबाई म्हणाल्या. “माझ्याच खुर्चीबद्दल मी काय बोलणार? मी ऐकायला आलेय. आणि माझा मुलगा कुठल्या गावचा झालाय ते बघायला.” त्या बसल्या. एवढंच.

मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. आठवीच्या मुलीचं उत्तर सांगितलं, एवढं आठवतं. म्हटलं, ती मुलगी उद्या इथं उभी राहायला हवी, आणि तिला वाटायला हवं की खुर्ची रिकामी होते. मग ऑरिन उठला. त्याला परवानगी लागत नव्हती. तो आता आमचा होता.

“या कागदावर तिसावी सही माझी आहे,” तो म्हणाला. “ओडेट लाबाउंटीचं म्हणणं या राज्यात मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं म्हणणं आहे. आणि तरी मी विरोधात आहे.” मग त्यानं आपलं सांगितलं, शांतपणे, एकही आडवा शब्द नाही. म्हाताऱ्या माना हलताना मला दिसत होत्या. आणि त्याच वेळी मला वाटत होतं, किती छान बोलतो हा.

सात जण उठले आणि गुप्त मतदान मागितलं. लाकडी पेटीसमोर रांग लागली. निम्मे शेतकरी रस धावतोय म्हणून रानातच होते, त्यामुळं रांग लवकर संपली. प्रूडन्सबाईंनी मोजलं. परत मोजलं. मग चिठ्ठी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ती बराच वेळ वाचली. “बाजूनं चौसष्ट,” ते म्हणाले. “विरुद्ध चौसष्ट.”

आमच्याकडे मतं सारखी पडली तर ठराव पडतो. पण सभाध्यक्षानं तोवर मत दिलेलं नसतं, आणि अशा वेळी त्याला ते देता येतं. सगळ्यांना हे माहीत होतं. सगळे बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय वाटतं ते मला ठाऊक होतं, आदल्या रात्री जेवताना त्यांनीच मला म्हटलं होतं, तुझं खरं आहे पोरी.

“मला मत टाकायचा हक्क आहे,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही. “पण ठराव माझ्या मुलीचा आहे. मी मत टाकलं तर ते बापाचं मत होईल. सभाध्यक्षाचं नाही. मी मत टाकत नाही. ठराव नामंजूर.”

हातोडी वाजली. रोलंड उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, कोणासाठी ते त्यालाही माहीत नसेल. मग सगळेच वाजवायला लागले. मी हरले होते, एका मतानं हरले होते, आणि माझी मान अशी ताठ होती की दुखायला लागली.

जेवणाच्या रांगेत गव्हर्नरबाई माझ्या मागंच होत्या. “पुढच्या वर्षी परत आणणार?” त्यांनी विचारलं.

“आणणार.”

“आणा.” त्यांनी माझ्या ताटात बीन्स वाढले. “मी पुन्हा उभी राहणार नाहीये. आज तिथं बसून ठरवलं. पण ठराव आणाच. माझ्यानंतर येणाऱ्यालाही ऐकायला मिळू दे.”

ऑरिन बाहेर पायऱ्यांवर होता. छपरावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं आणि ऊन इतकं लख्ख की डोळे बारीक करावे लागत होते.

“एका मतानं गेला,” तो म्हणाला. “ते एक मत माझं होतं, असं समज.”

“समजायचं काय, होतंच.”

“रागावलीस?”

“तू माझ्या बाजूनं मत दिलं असतंस, तर रागावले असते. जन्मभर वाटत राहिलं असतं, की गावकऱ्यांचं खरं होतं.” मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. “ऑरिन, मला तू आवडतोस. खूप. केव्हापासून ते विचारू नकोस. आणि पुढच्या मार्चमध्ये तुला मी चारीमुंड्या चीत करणार आहे.”

त्याचे डोळे आधी हसले. “पुढच्या मार्चमध्ये? आणि त्याच्या पुढच्या?”

“त्याच्याही.”

“माझ्या मुदतीला काही मर्यादा?”

“तुला नाही,” मी म्हटलं. मग त्यानं माझा हात हातात घेतला, गार पडलेला, आणि सोडलाच नाही.

बाबा बाहेर आले, टोपी घातली, आमच्या हातांकडे पाहिलं. मग ट्रकचं दार उघडून म्हणाले, “चला, सोडतो.” त्या ट्रकला पुढं एकच लांब सीट आहे. बाबा स्टिअरिंगशी, ऑरिन खिडकीशी. माझ्यावर जीव टाकणाऱ्या या दोन माणसांनी त्या दिवशी मला सगळ्या गावासमोर हरवलं होतं, आणि मी त्या दोघांच्या मधे बसून गावातून घरी गेले.